सॅमनची माफी

बहरीनमध्ये नदी नाही. ओढा नाही, नाला नाही. वाहतं पाणी म्हणाल तर ते एसीच्या पाइपातून बाल्कनीच्या कडेला टपकतं, तेवढंच. त्यामुळे रिफातल्या एका इंग्रजी शाळेनं पाचवीच्या मुलांसाठी 'शेत, नदी आणि सॅमन' हा सहा आठवड्यांचा प्रकल्प निवडला, तेव्हा एकाही पालकानं हरकत घेतली नाही. डोळ्यांसमोर आहे तेच शिकायचं तर शाळा कशाला हवी, असा सर्वसाधारण सूर होता.

प्रकल्प एका थंड, ओल्या देशातून पुठ्ठ्याच्या खोक्यात तयार होऊन आला होता. आत नदीचा नकाशा, अकरा मुखवटे, शिक्षकांसाठी पुस्तिका आणि शेवटच्या दिवशी करायच्या नाटकाची संहिता. उद्देश दोन. मुलांना शेतकऱ्याचं जीवन समजावं, आणि शेतीचा सॅमनवर काय परिणाम होतो तेही कळावं. शेतकऱ्याचं जीवन पहिल्याच आठवड्यात, मंगळवारी आटोपलं. शेतकरी लवकर उठतो, त्याच्याकडे ट्रॅक्टर असतो आणि त्याला पावसाची काळजी असते. उरलेला सगळा वेळ सॅमनला दिला होता. सॅमन हा मासा नदीत जन्मतो, मोठा होऊन समुद्रात जातो, काही वर्षांनी जन्मगावी परततो आणि येऊन बघतो तर शेतकऱ्यानं पाणी उपसून नेलंय, काठची झाडं तोडलीत आणि उरलेल्या पाण्यात खत सोडलंय. आखातात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना ही गोष्ट समजायला अजिबात जड गेली नाही.

नाटक म्हणजे खटला होता. सॅमन फिर्यादी, शेतकरी आरोपी, पाऊस साक्षीदार आणि बगळा न्यायाधीश. शेवटी शेतकरी सॅमनसमोर गुडघ्यांवर बसतो आणि तीन वेळा सॉरी म्हणतो, एकदा पाण्यासाठी, एकदा झाडांसाठी, एकदा खतासाठी. सॅमन त्याला क्षमा करतो. मग सगळे मिळून गाणं म्हणतात.

भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या. सॅमनची चिठ्ठी मयुरेशला निघाली. मयुरेशची आई हेमा वर्गाची पालक-प्रतिनिधी होती आणि चिठ्ठ्या तिच्या घरी तयार झाल्या होत्या, हा योगायोग. शेतकऱ्याची चिठ्ठी निधीला निघाली.

निधीचा बाप लहू हिद्दला बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर सांभाळायचा. सॅमनशी रोजचा संबंध असलेला या वर्गातला तो एकमेव पालक. उणे अठरा अंशांत रचलेली सॅमनची खोकी तो दर शिफ्टला बघायचा आणि त्यातल्या एकानंही अजून जन्मगावी जायची इच्छा दाखवली नव्हती. त्याचं सॅमनशी काही वैर नव्हतं. संहिता वाचेपर्यंत शेतकऱ्याबद्दलही त्याला खास काही बोलायचं नव्हतं.

"तीनदा," तो बायकोला म्हणाला. "गुडघ्यांवर बसून."

ज्योत्स्ना कणीक मळत होती. नाटकच तर आहे, ती म्हणाली.

"आबा बघायला येणार आहेत."

"आबांना इंग्रजी कुठं येतं?"

"गुडघे कळतात ना."

आबा म्हणजे लहूचे वडील. डिसेंबरात व्हिजिट व्हिसावर आले होते आणि हॉलमधल्या सोफ्यावर बसून बहरीनला नावं ठेवत होते. जालना जिल्ह्यात, अंबडच्या बाजूला त्यांची आठ एकर मोसंबी. लहूचा आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबला. आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक झाले, आणि एसटीनं दिलं त्यातून त्यांनी पहिली दोन एकर जमीन घेतली. ज्यांच्या बांधावर त्यांचा बाप उन्हातान्हात उभा राहायचा, त्यांच्यापैकीच एकाकडून घेतली. खडकाळ होती, म्हणून मिळाली. गावात त्यावरून बरंच बोलणं झालं. आबांनी त्या बोलण्याला उत्तर दिलं नाही, विहीर खोदली.

"आमच्यात पहिल्यांदा कुणीतरी मालक झालं," लहू म्हणाला. "आणि मालकाची नात स्टेजवर जाऊन पहिलं काम काय करणार, तर माफी मागणार. अठ्ठावीस वर्षंच झालीत ज्योत्स्ना. थोडा रुबाब तरी करू द्या आधी."

ज्योत्स्ना म्हणाली की हे सगळं मला सांगून उपयोग नाही, शाळेत जाऊन सांग. लहू शाळेत गेला.

वर्गशिक्षिका अरीबा मिस लखनौच्या होत्या आणि नाही म्हणताना फार गोड म्हणायच्या. त्यांनी लहूचं सगळं ऐकून घेतलं. मग संहितेचं शेवटचं पान उलटून खालची बारीक ओळ दाखवली. स्क्रिप्ट लायसन्सवर आलं आहे, त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. त्यात पुन्हा त्या माफीला दहा मार्क आहेत. शेतकऱ्याच्या जीवनाला किती आहेत, लहूनं विचारलं. त्याला मार्क नाहीत, मिस म्हणाल्या, तो भाग समजून घेण्यासाठी आहे. फारच वाटत असेल तर आप क्लास रेप से बात कीजिए.

क्लास रेप म्हणजे पालक-प्रतिनिधी. ती लहूच्याच इमारतीत राहायची, सनद भागात, चौथ्या मजल्यावर. हेमा पुण्याची. मनामातल्या एका बँकेत ती कंप्लायन्स बघायची, म्हणजे कुणी नियम मोडत नाहीये ना यावर नजर ठेवणं ही तिची नोकरी होती, आणि नोकरी लागायच्या आधीपासूनचा स्वभाव. लहूनं तिला पार्किंगमध्ये गाठलं. तिचा नवरा राजन गाडीत बसून होता. राजन सगळे वाद गाडीत बसूनच ऐकायचा, काच वर करून.

"काय आहे ना लहू," हेमा म्हणाली, "तो शेतकरी तिकडचा आहे. गोरा. तुमच्या वडिलांचा इथं काय संबंध?"

"मग त्याला गोरा म्हणा ना. शेतकरी कशाला म्हणता? गोऱ्यानं माफी मागितली तर माझी काही अडचण नाही."

हे रेसिस्ट आहे, हेमा म्हणाली.

"बरं. मग मयुरेशला शेतकरी करा आणि निधीला सॅमन. तीन काय, तीस वेळा सॉरी म्हणू दे त्याला."

हेमाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तिला आता सगळं कळलं होतं. "असं सरळ सांगायचं ना, की सॅमन पाहिजे म्हणून. पोशाख मुंबईहून शिवून आलाय हो. टिकल्यांचे खवले आहेत, हातानं लावलेले. आता कसं बदलणार?"

लहू म्हणाला की मला सॅमन नको, मला गुडघे नकोत. हेमा म्हणाली की तुम्ही फार मनाला लावून घेता. ही गोष्ट ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज लहूनं आधीही ऐकला होता, वेगवेगळ्या ऑफिसांत, वेगवेगळ्या तोंडांतून, आणि तो ऐकला की पुढं बोलण्यात अर्थ नसतो हे त्याला माहीत होतं. तरी तो बोलला. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जमीन आहे त्यानं माफी मागितली तर तो मोठ्या मनाचा ठरतो, तो म्हणाला, आम्ही मागितली तर ती जुनी सवय ठरते. हेमानं घड्याळ बघितलं.

संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेमाचा लांबलचक मेसेज आला. मुलं इतक्या उत्साहानं तयारी करत असताना काही पालक नकारात्मकता पसरवत आहेत, नाव घेत नाही. मेसेजखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यातल्या चार जणांनी लहूला वेगळा मेसेज करून विचारलं, कोण आहे रे तो.

दोन दिवसांनी हेमानं दुसरी चाल खेळली, आणि ती चांगली होती. शेतकऱ्यांचा सन्मान म्हणून आपण एका खऱ्या शेतकऱ्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावू या, तिनं ग्रुपवर लिहिलं, आपल्या निधीचे आजोबा सुदैवानं इथंच आहेत. आता लहूला नाटक बंद पाडता येणार नव्हतं, कारण ते त्याच्या बापाच्या सन्मानार्थ होतं.

ती आमंत्रण द्यायला स्वतः आली, हातात पिशवी घेऊन. आबा सोफ्यावर ट्रॅक पँट आणि स्वेटर घालून मोबाइल बघत होते.

"जय भीम," आबा म्हणाले.

"नमस्कार, नमस्कार," हेमा म्हणाली. दोनदा म्हणाली, म्हणजे पहिला शब्द ऐकूच आला नाही असं समजायला जागा राहावी. मग बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली. "काका, इथल्या मुलांनी खरा शेतकरी कधी बघितलेला नाही."

"बरं. मग म्या काय करायचं?"

"काहीच नाही. फक्त बसायचं. हे घालून."

पिशवीतून फेटा निघाला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपती मिरवणुकीच्या पेटीतला, केशरी, जरीच्या काठाचा, बांधून शिवलेला. आबांनी तो उलटा करून आत बोट घातलं.

"ह्याला इलॅस्टिक हाय."

"हो, म्हणजे सगळ्यांना बसतो."

"मव्हं डोकं सगळ्यांचं नाही."

इतक्यात त्यांचा फोन वाजला. थांबा, लाइट आली, म्हणत त्यांनी दोन-तीन बटणं दाबली, फोन कानाला लावला आणि पलीकडचं रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकून खाली ठेवला. मोटार चालू केली, त्यांनी सांगितलं. कुठली मोटार, हेमानं विचारलं. अंबडची, विहिरीवरची. इथून? मग काय तिथं जाऊन, आबा म्हणाले. थ्री फेज आठच तास असते, मोटारीला सिमकार्ड बसवलंय, मोसंबीला फूल यावं म्हणून पाणी बंद ठेवलं होतं, तो आंबे बहाराचा ताण तोडलाय, आता पाणी चुकवून चालत नाही.

हेमा जरा हिरमुसली. खरा शेतकरी तिला हवा तेवढा खरा निघाला नव्हता. बैल आहेत का, तिनं विचारलं. नाहीत. गाय? नाही. मग सकाळी लवकर उठून तुम्ही करता काय?

"यूट्यूब बघतो."

"पण शेती ऑरगॅनिकच असेल ना?"

"बारा-एकसष्ट खत सोडतो. ड्रिपमधून. त्याच्या आधी युरिया."

हेमानं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली की हे कृपा करून मुलांसमोर बोलू नका. आबा म्हणाले, तुम्हीच म्हणलात ना की बोलायचं नाही, फक्त बसायचं. येतो. फेटा तेवढा तुमच्या माशाला घाला.

ती गेल्यावर लहूनं बापाला समजवायचा प्रयत्न केला की जाऊ नका, तिथं तुम्हाला शोभेला बसवतायत. आबा म्हणाले, मला शोभेला बसवणारे लोक बघायला तर चाललोय. गुडघ्यांचं आणि तीन सॉरींचं मात्र लहूनं त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यानं दुसरा मार्ग काढला. शाळेत सोडताना गाडीत निधीला सांगितलं की शेवटी तू गुडघ्यांवर बसायचं नाही आणि सॉरी म्हणायचं नाही. गप्प उभी राहा. दहा मार्क गेले तरी चालतील.

निधी इंग्रजीत म्हणाली की मग गाणं सुरूच होणार नाही, कारण तिसऱ्या सॉरीवर म्युझिक लागतं. लहू म्हणाला, लागेल आपोआप. आजोबांसाठी एवढं करायचं. ओके पप्पा, ती म्हणाली. तिच्या ओके पप्पाचा अर्थ नेहमी तोच नसतो, हे लहूला दहा वर्षांत समजायला हवं होतं.

खोक्यातून आलेल्या पुस्तिकेत एक पान 'शेतकऱ्याची मुलाखत' नावाचं होतं. दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढं एक ओळ. शुक्रवारी दुपारी निधी ते घेऊन बाल्कनीत आबांसमोर बसली. आबांशी बोलताना तिला मराठीच बोलावं लागायचं आणि ते ती खड्ड्यांतून सायकल चालवावी तसं बोलायची. लहू आत डबा भरत होता. त्याला ऐकू येत होतं. ट्रॅक्टर आहे का, भाड्यानं आणतो. किती वाजता उठता, तुला काय करायचंय. मग निधीनं विचारलं, आबा, तुमच्याकडे रिव्हर आहे?

"नाला हाय. शेताच्या खाली."

"त्याच्यात फिश आहेत?"

आबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. लहूला शिफ्टला जायचं होतं. तो गेला. रात्री परतल्यावर त्यानं बघितलं तर एका ओळीच्या उत्तरांना पान पुरलं नव्हतं, मागं वहीची तीन पानं टाचली होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. आजोबा-नात इतकं बोलले म्हणून त्याला बरं वाटलं. काय बोलले ते त्यानं वाचलं नाही.

गुरुवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये एसी इतका होता की सॅमनला बरं वाटावं. आबा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पायांत चकचकीत बूट घालून आले होते. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या खुर्चीवर हेमानं इंग्रजीत 'खरा शेतकरी' असं छापलेलं कार्ड चिकटवलं होतं. आबांना ते वाचता येत नसल्यानं ते त्याच्यावर आरामात बसले. शेजारी लहू, पलीकडे ज्योत्स्ना.

नाटक सुरू झालं. निधीला गवती टोपी, डंगरी आणि काजळाच्या मिशा होत्या. मयुरेश टिकल्यांच्या खवल्यांत चमकत होता, पावलागणिक एक-दोन खवले गळत होते. तो आरोप छान करत होता. माझं पाणी कुणी नेलं, माझी सावली कुणी तोडली, माझ्या घरात विष कुणी ओतलं. बोट रोखून ओरडायचं कसं हे त्याला कुणी शिकवल्यासारखं वाटत नव्हतं, घरी रोज बघून येत असावं. प्रत्येक आरोपाला मागच्या रांगांतून टाळ्या पडत होत्या. पालक मन लावून शेतकऱ्याविरुद्ध झाले होते. बगळ्यानं काठी आपटली आणि विचारलं, शेतकऱ्या, तुला काय म्हणायचंय?

निधी पुढं आली. उभी राहिली. गुडघ्यांवर बसली नाही.

विंगेतून अरीबा मिस खाली बसायच्या खुणा करत होत्या. हेमा स्पीकरपाशी उभी होती, गाणं लावायला बोट तयार ठेवून. निधी गप्प. ठरल्यासारखं होत होतं.

मग निधीनं डंगरीच्या खिशातून वहीची पानं काढली आणि इंग्रजीत वाचायला लागली.

"माझे आजोबा शेतकरी आहेत. ते समोर बसलेत. ते लहान होते तेव्हा त्यांच्याकडे शेत नव्हतं. तेव्हा त्यांची आई नाल्यात छोटे मासे पकडायची. बाकी सगळं कुणाच्या ना कुणाच्या मालकीचं होतं, मासे कुणाचेच नव्हते. मग आजोबांनी शेत घेतलं. त्यांनी विहीर खोदली, खत सोडलं, आणि आता नाल्यात मासे नाहीत. सगळ्या शेतकऱ्यांनी सोडलं, पण त्यांनी पण सोडलं. मी त्यांना विचारलं, तुम्हाला सॉरी वाटतं का? ते म्हणाले, नाही. परत करायची वेळ आली तर परत करीन. माशांमुळं आम्ही जिवंत राहिलो, पण मोसंबीमुळं मालक झालो." तिनं पान उलटलं. पुढचं पान हातात नव्हतं. "त्यांना सॉरी वाटत नाही. मला वाटतं."

सॅमन गोंधळला. त्याला तीन सॉरी हव्या होत्या आणि एकच मिळाली होती, तीही त्याच्याकडे न बघता. पण पाठ केलेलं वाया कसं घालवणार? मी तुला क्षमा करतो, तो म्हणाला. हेमानं गाणं लावलं.

"काय म्हणली?" आबांनी लहूला विचारलं.

"म्हणाली, माझे आजोबा मालक आहेत."

"एवढंच? लई येळ लागला."

"इंग्रजीत लांब होतं ते."

गाणं संपल्यावर हेमा माइक घेऊन पुढं आली. तिचे डोळे खरोखर पाणावले होते, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. इतकी प्रामाणिक माफी मी आजवर ऐकलेली नाही, ती म्हणाली. एका खऱ्या शेतकऱ्यानं आपल्या नातीच्या तोंडून आपली चूक कबूल केली, हा आपल्या मुलांसाठी केवढा मोठा धडा आहे. प्लीज, त्यांच्यासाठी. सगळा हॉल आबांकडे वळून टाळ्या वाजवायला लागला. काही जण उभे राहिले.

लहूला जे होऊ द्यायचं नव्हतं ते सगळंच्या सगळं झालं होतं, आणि वर उभं राहून झालं होतं.

आबांनी मान झुकवून टाळ्या घेतल्या. मग लहूकडे वाकून म्हणाले, "मालक हाय म्हणून एवढ्या टाळ्या? हितं काय कुणी मालक नाही का?"

ज्योत्स्ना त्याच्याकडे अशी बघत होती, की पुढचं उत्तर तरी नीट दे. त्याची गरज पडली नाही. निधी मिशांसकट खाली आली होती आणि आबांनी तिलाच विचारलं. तिनं तिच्या खड्ड्याखड्ड्यांच्या मराठीत सगळं सांगितलं. नाला, मासे, पणजी, खत. शेवटची दोन वाक्यंही.

आबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी नातीकडे नाही, मुलाकडे बघितलं.

"आन् तू मला काय सांगितलंस?"

"आबा, मी म्हटलं, उगाच तुम्हाला…"

"म्या काय केलं ते मला ठाव हाय. तू मह्यापासून लपवतोस ते कामून? त्या बाईला मही लाज वाटली असती तर समजलो असतो."

ती बाई पार्किंगमध्ये आडवी आलीच. मयुरेश तिच्यामागं अर्धे खवले घेऊन उभा होता. तिला आता सगळं मिटवायचं होतं.

"काका, तुमचं मन किती मोठं आहे," ती म्हणाली.

"मन नाही, शेत. आठ एकर."

"नाही, म्हणजे निधीनं तुमच्या वतीनं जी माफी…"

"मह्या वतीनं नाही म्हणली ती. नीट ऐकत चला. तुम्हाला तर इंग्रजी येतं."

हेमा हसली, कारण हसण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. लहूकडे बघून म्हणाली, बघा, शेवटी निधीला कळलंच की नाही, तुम्हीच उगाच ताणत होतात. लहू म्हणाला की तुमचं कार्ड तेवढं खुर्चीवरून काढून घ्या, पुढच्या शेतकऱ्याला होईल. पण आबांचं अजून संपलं नव्हतं. तुमच्या पोराला घरी मासा देता का, त्यांनी विचारलं. हो, सॅमनच, आठवड्यातून दोनदा, मेंदूसाठी चांगला असतो. मग त्या माशाची माफी कोण मागतं? हेमा म्हणाली की तो नदीतला नसतो काका, तो पाळलेला असतो, फार्मचा.

"म्हंजे त्याचाबी शेतकरी हाय कुणीतरी," आबा म्हणाले. "त्याचं नाटक बसवा की पुढच्या साली."

हेमानं गाडीचं दार उघडलं. आत राजननं काच आधीच वर केली होती.

आबा नेहमी पुढं बसायचे. आज ते मागं निधीशेजारी बसले. लाडानं नाही, हे त्यांनी दार आपटलं त्यावरून कळलं. ज्योत्स्ना पुढं बसली. लहूनं गाडी रिफाबाहेर काढली आणि आरशातून लेकीला म्हणाला की तुला गप्प उभं राहायला सांगितलं होतं. निधी म्हणाली की मी उभी होते, बसले नाही.

"घरातली गोष्ट हॉलमधी सांगितलीस," आबा म्हणाले.

"तुम्हीच सांगितली ना मला."

"तुला सांगितली. त्यांला नाही. आन् सांगायची तर धड सांगायची. 'छोटे मासे' काय? नावं नाहीत का त्यांला? मरळ. वाम. मुऱ्या. धा येळा लिहून दिली तुला."

"टाइम कमी होता."

"आन् मही आई एकटीच जायची का नाल्यावर? वस्तीतल्या समद्या बाया जायच्या. त्या कुठं गेल्या तुह्या भाषणात?"

निधी म्हणाली की त्या शेवटच्या पानावर होत्या, ते पान खिशातच राहिलं. आबांनी ते मागितलं. तिनं काढून दिलं. इंग्रजी असल्यामुळे त्यांनी ते नुसतं बघितलं आणि परत दिलं.

"तुला सॉरी वाटतं, म्हणलीस."

"हो."

"मला नाही वाटत. पर तुला वाटतं तर जागेवर म्हणायचं. माशाला कामून म्हणतीस? मासा गेला. बाया हायेत अजून, दोघी-तिघी. जनाबाई हाय. मह्या मालकीपायी तिचं कालवण गेलं. मे महिन्यात येशील तव्हा तिच्या दारात जाऊन म्हण."

निधीनं विचार केला. "त्यांना इंग्लिश येतं?"

"तिला? नाही."

"मग मराठीत सॉरी कसं म्हणायचं?"

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. मालक झाल्यापासून त्यांना तो शब्द लागला नव्हता, आणि त्याआधीचा, मालकापुढं वाकून म्हणायचा जो होता तो त्यांना नातीच्या तोंडी द्यायचा नव्हता.

"माफ करा," लहू पुढून म्हणाला. "असं म्हणायचं. माफ करा."

"तू गाडी चालव," आबा म्हणाले.